दिव्याची ओळ

महाकाम नदी, वरचा लाकूडतोड कॅम्प
१४ फेब्रुवारी १९८३

बापा,

ओम स्वस्त्यस्तु. तुम्ही आणि मेमे, दोघं आईबाप, आणि धाकटी लुह खुशाल असाल असं धरून चालतो.

पोचलो. खरं तर पोचून बरेच दिवस झाले, पण इथून पत्र नेणारी बोट लाकडाच्या तराफ्यांमागे अडकते आणि मग कोणालाच घाई नसते. तुम्ही म्हणाल, कारणं सांगतो. सांगतोच आहे.

तोडलेल्या ओंडक्याला साखळी अडकवायची आणि यंत्रानं ओढायला सुरुवात केली की बाजूला पळायचं, हे माझं काम. पळण्यात मी पहिल्यापासून हुशार. चौथीच्या वर्गातून पळालो, सुताराकडून पळालो, साल्याक फळांच्या काटेरी बागेतून पळालो. इथे निदान पळण्याचा पगार मिळतो.

आमचा स्वयंपाकी दाएंग मात्तिरो नावाचा, समुद्राकाठच्या बुगिस लोकांतला म्हातारा आहे. भात करपवतो आणि गोष्ट सांगतो. दोन्ही एकाच वेळी, म्हणून भात करपतो. रविवारी काम बंद असतं, तेव्हा मासे साफ करता करता तो त्यांच्याकडचं जुनं काव्य गातो. एका नावाड्याची बायको नवऱ्यासाठी शीड विणते आणि त्याचा एक धागा तोडतच नाही, टोक घरी मागाच्या खांबाला बांधून ठेवते. तो समुद्रावर गेला की हिच्या हातात धागा. सैल पडला, म्हणजे वारा पडला. ओला झाला, म्हणजे तिकडे वादळ. बापा, अख्ख्या गोष्टीत समुद्र एकदाही दिसत नाही! नुसता एक धागा, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा.

मी म्हटलं, आमच्या चंदनाच्या पोथीत असं चोरून दाखवत नाहीत. राजपुत्र पांढऱ्या चंदनाच्या शोधात निघाला की कवी सरळ त्याच्या गलबतात बसतो. लाटा दाखवतो, बेटं दाखवतो. किनाऱ्यावरच्या राणीला अधूनमधून एखादं कडवं देतो, पुरे झालं. त्यावर दाएंग म्हणाला, "तुमचा कवी पुरुष असणार. घरात बसायचा कंटाळा." सगळे खोकेपर्यंत हसले. गाणं माझं काम होतं, अर्थ सांगणं तुमचं. तेव्हा तुम्ही सांगा, आपला कवी राणीला सोडून गलबतात का बसला?

आणखी एक. मी निघालो त्या दुपारी ट्रक आला, ट्रकवाल्याला घाई आहे म्हणत तुम्ही आपली पोथी मध्येच मिटलीत. 'किनाऱ्यावर राणी एकटी, समुद्रावर शीड नाही', ही मी गायलेली शेवटची ओळ. पोथी रडण्यावर मिटायची नाही, पोथीत कोणी दिवा लावेपर्यंत, जेवेपर्यंत किंवा हसेपर्यंत गात राहायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. तेव्हापासून मनाला टोचतंय. माझ्या जागी कोणालाही बसवा आणि पुढे वाचून टाका. गाव बदकाचा आवाज ऐकायला तयार असेल तर म्हातारे पेकाक तुनास आहेतच.

तुमचा,
रेंदा


तेगेहान
२७ मार्च १९८३

रेंदा,

(बेली, दादा रे, अक्षर माझं आहे, लुहचं. बापा सांगतायत, मी लिहितेय. खांबाला टेकून बसलेत आणि पुढ्यात लोक बसल्यासारखे हात हलवतायत.)

तुझं पत्र पोचलं. तुझी तुलना अर्धी आहे. दोन काव्यं समोरासमोर ठेवायची तर कवी कुठे बसलाय एवढंच बघून भागत नाही, तो कुठे बघतोय तेही बघावं लागतं. आपला कवी गलबतात बसला, कारण त्याला किनाऱ्यावर उभं राहवेना. पण दर बेटानंतर तो एका कडव्यापुरता राणीकडे परत येतोच. ते कडवं नेहमी तोकडं असतं. दारातून डोकावून पळाल्यासारखं. ज्याला काही वाटत नाही तो ऐसपैस वर्णन करतो. तू इतकी वर्षं ती कडवी गायलास आणि ती तोकडी का आहेत हे एकदाही विचारलं नाहीस. स्वयंपाक्यानं विचारायला लावलं. त्याला माझा नमस्कार सांग.

दुसरी गोष्ट. राणी पूर्ण पोथीत वाऱ्याशी बोलते, पाखरांशी बोलते, कोळ्यांशी बोलते. राजपुत्राला हाक मारत नाही. एकदाही नाही. कारण हाक मारून आणलेला माणूस हाकेसाठी येतो, आपणहून येत नाही. हे न सांगता सांगणं म्हणजे आपल्या कवीची उंची. तुझ्या दाएंगचा धागा सुरेख आहे, मी ऐकून मान डोलावली. पण दोर बैलाला असतो. नवऱ्याला कशाला?

(मेमे चुलीपाशी होती. ती म्हणाली, "हवा होता." हे लिहायला मला सांगितलेलं नाही.)

पोथीचं काय करायचं ते मी बघतो. तू साखळीकडे बघ.

बापा


वरचा कॅम्प
८ मे १९८३

बापा,

ओम स्वस्त्यस्तु.

तुमचं पत्र दाएंगला वाचून दाखवलं. 'दारातून डोकावून पळाल्यासारखं' हे ऐकून त्यानं कालथा खाली ठेवला. "तुझा बाप कोण आहे?" म्हणाला. मी म्हटलं, साल्याकची बाग राखतो. त्याला खोटं वाटलं.

आता तिसरी गोष्ट ऐका. इथे पाक दार्मो म्हणून जावाचा मेकॅनिक आहे. त्यांच्याकडच्या काव्यात राजपुत्र डोंगरावर तपाला जातो आणि बरोबर एक ढेरपोट्या नोकर असतो. सगळं काव्य या नोकराच्या नजरेनं. राजपुत्र राक्षसाशी लढतोय आणि हा विचारतो, "आज जेवण उशिरा का?" शेवटी राजपुत्र ढगात शिरतो. नोकर एकटा डोंगर उतरतो आणि बाजारात बसून सगळी हकीकत चुकीची सांगतो. लोक ती चुकीचीच खरी धरतात.

मी साखळी ओढताना याच तिघांचा विचार करत असतो. नायक तिन्हीकडे घर सोडतात. आपला कवी गलबतात बसलाय, दाएंगचा मागापाशी, आणि दार्मोचा नोकराच्या पोटात. आपल्या पोथीत कोणाला भूकच लागत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? दाएंगच्या गोष्टीला मासळीचा वास येतो. आपल्या पोथीला फक्त चंदनाचा.

पण खरं सांगायचंय ते हाकेबद्दल. दाएंगची बाई एकदाच, शेवटाकडे, धागा ओढते. दार्मोचा नोकर डोंगरावरून ओरडतो, "मालक, भात निवतोय!" आणि राजपुत्र ढगात शिरता शिरता मान वळवतो. कवी पुढे काही बोलत नाही. ते ऐकताना यंत्र चालवणारे दांडगे गडी घास चावायचे थांबले. आपल्याकडे मात्र कोणीच कोणाला हाक मारत नाही. तुम्हाला यात उंची दिसते. मला राजपुत्राची कीव येते. त्याला बिचाऱ्याला कसं कळायचं, की आपण कोणाला हवे आहोत?

तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलं नाहीत. ताडपत्रावर देवळाची पोथी कोरणारा हात तुमचा, आणि मुलाला पत्र लुहच्या अक्षरात. रागावलात हे समजलो. 'पोथीचं मी बघतो' हेही समजलो.

मुकादम विचारतोय, नदीच्या आणखी वर नवा कॅम्प होतोय, दोन वर्षांच्या करारावर सही करतोस का. तिथून पत्राची बोटसुद्धा नाही. तुमच्या राणीच्या मतानं बघितलं तर सही केलेलीच बरी.

रेंदा


तेगेहान
१९ जून १९८३

बेली,

हे पत्र माझं एकटीचं आहे. बापा बागेत गेलेत, मेमे बाजारात. लिहिलंय हे दोघांनाही माहीत नाही आणि तूही कळू देऊ नकोस, नाहीतर पुन्हा कधी लिहिणार नाही.

तू गाढव आहेस.

बापा रागावलेले नाहीत. त्यांना दिसत नाही. उजेड आणि सावली एवढंच कळतं. तू गेल्यावर वाढलं, पण आधीपासून होतं. साल्याकच्या काट्यांनी हात ओरबाडलेले असायचे ते त्यामुळेच. डोळ्यांबद्दल लिहायचं नाही अशी मला ताकीद आहे, म्हणून मी त्यांच्या पत्रात लिहिलं नाही. माझ्या पत्राबद्दल त्यांनी काही सांगितलेलं नाही.

तुझं मागचं पत्र मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. 'राजपुत्राची कीव येते' इथे ते म्हणाले, "पुन्हा वाच." मग उठून बाहेर गेले आणि जाताना उंबऱ्याला अडखळले. उत्तर सांगायला बसतात, चार शब्द सांगतात आणि म्हणतात, "राहू दे, उद्या."

आणि पोथीचं ऐक. ती अजून तिथेच आहे, तशीच, दोरी बांधलेली. एक पोथी अर्ध्यावर असताना वाचनमंडळी दुसरी उघडत नाही, हे तुला माहीत आहेच. म्हणजे तू गेल्यापासून आपल्या देवळात काहीच वाचलेलं नाही. मागच्या उत्सवात मंडळी पांढरे फेटे बांधून नुसती विडा चघळत बसली. पलीकडच्या पुडुक गावचे लोक मुद्दाम येऊन बसले होते. त्यातला एक मोठ्यानं म्हणाला, "काय हो, तेगेहानची राणी अजून किनाऱ्यावरच का? बिचारीचे पाय दुखले असतील." हसू दाबून माझ्या पोटात दुखलं, पण आपल्या लोकांचे चेहरे बघवेनात.

मग पेकाक तुनास म्हणाले, मी गातो. बापा म्हणाले, तुमचा घसा बरा नाही. पेकाक म्हणाले, घसा ठणठणीत आहे. बापा म्हणाले, पुढच्या महिन्यात बिघडेल. असंच चाललंय. कधी दिवस चांगला नसतो, कधी पोथीची दोरी बदलायची असते. मंडळी आता चिडली आहे. येत्या उत्सवाला दुसरी जोडी बसवायची म्हणतायत. अर्थ सांगायलाही दुसरा माणूस. बापांना अजून कोणी तोंडावर सांगितलेलं नाही.

मला एक कळत नाही. ट्रकवाल्याची घाई म्हणून पोथी मिटली असं तू लिहितोस. ट्रकवाला तर आमच्या चुलीपाशी बसला होता. फणसाची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली त्यानं. तू पिशवी उचलून बाहेर आलास तेव्हा तोच म्हणाला, "झालं एवढ्यात? मी थांबलो असतो की."

सही करू नकोस असं मी म्हणत नाही. मी काय, धाकटी. पण गाढव आहेस हे नक्की.

लुह


वरचा कॅम्प
३१ जुलै १९८३

बापा,

ओम स्वस्त्यस्तु.

लुहचं अक्षर सुधारलंय. तिच्याच हातून लिहीत जा, मला आवडतं. माझं मागचं बोलणं मनावर घेऊ नका.

सणासाठी चार दिवस सुट्टी घेऊन मी नदीच्या खालच्या अंगाला गेलो होतो. तिथे आपली माणसं आहेत. सरकारनं जमीन देऊन वसवलेली. दारात बांबूच्या कमानी उभ्या होत्या, लावारच्या मसाल्याचा वास सुटला होता, मला वाटलं बोट चुकून घरी आली. तिथे सारी नावाची एक म्हातारी दादोंग आहे. दात नाहीत, पण चंदनाची पोथी तोंडपाठ. तिचा अर्थ सांगणारा नवरा वारला, तेव्हापासून तिनं गायलेलं नाही. तिथल्या पोरांना आपली जुनी भाषा कळत नाही. मला म्हणाली, "मी गाते. तू अर्थ सांग."

बापा, मी कधी अर्थ सांगितला होता? मी तर नुसता गळा. पण ती गायची थांबली की सगळे माझ्याकडे बघायचे, मग काहीतरी बोलावंच लागायचं. राजपुत्र बंदरातून निघतो तिथे मी चार वाक्यं बोललो आणि माझ्या लक्षात आलं, की मी तुमच्याच आवाजात बोलतोय. तुमच्यासारखाच 'आता असं बघा' म्हणून हात वर करतोय. आणखी एक लक्षात आलं. अर्थ सांगणारा पोथीकडे बघत नाही. गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. पुढची ओळ कुठे वळणार, श्वास कुठे संपणार, ते सगळं त्या तोंडावर दिसतं. म्हणजे इतकी वर्षं मी पानाकडे बघत होतो आणि तुम्ही माझ्याकडे.

मग ती त्या ओळीवर आली. किनाऱ्यावर राणी एकटी, समुद्रावर शीड नाही. पुढचं मला येत नव्हतं, आपण तिथेच थांबलो होतो. मी म्हटलं, आता हिला दिव्यापर्यंत पोचायला किती गावं लागणार. दादोंगनं श्वास घेतला आणि गायली. दोन ओळी. दासी भात घेऊन येते, राणी दिवा लावते, आणि दासीच्या नाकाला लागलेली राख बघून हसते.

दोनच ओळी, बापा! दिवा, जेवण आणि हसणं, तिन्ही.

तुम्ही ही पोथी स्वतः कोरलेली आहे. एकदा देवळात आग लागल्याची बोंब झाली तेव्हा पेकाक तुनासना ओढून खाली बसवणारे आणि ओळ पुरी करून घेणारे तुम्ही. त्या दुपारी ट्रकवाला फणसाची भाजी खात होता म्हणे. कोण म्हणालं ते विचारू नका. त्याला घाई नव्हती, मला ऐकू येत नव्हतं, आणि तुम्ही दोन ओळी अलीकडे दोरी बांधलीत.

मी विचारणार नाही. आपला कवीही अशा जागी विचारत नाही, तोकडं कडवं करून पळतो. मला फक्त एवढं वाटतं, की तिघांची काव्यं ताडताना मी चूक केली. आपल्या पोथीत हाक नाही असं म्हटलं. असेल, पण ती पोथीत नसेल.

तरी एक सांगतो. मी राजपुत्र नाही, साखळी अडकवणारा आहे. मला वरच्या प्रतीचं काही कळत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुकादमाची बोट येईल. त्या बोटीत एकतर माझी सही जाईल, नाहीतर मी. बोटीच्या आधी तुमचं उत्तर आलं तर बरं. उंची नको. तोंडात घास असताना दार्मोचा नोकर बोलतो, तसं काहीतरी सांगा.

तुमचा,
रेंदा


तेगेहान
१५ ऑगस्ट १९८३

बेली,

बापांनी सांगायला सुरुवात केली ती अशी, जशीच्या तशी लिहिते.

"दादोंग सारीचा पाठ पश्चिमेकडचा असावा. आमच्याकडच्या प्रतीत राख दासीच्या नाकाला नाही, गालाला आहे. गाल हाच बरा, नाकामुळे प्रसंग हलका होतो."

मग थांबले. मी म्हटलं, "पुढे?"

"लिही, की दोन ओळी म्हणजे फार अंतर नाही."

"म्हणजे मुद्दाम थांबलात?"

"लिहिणाऱ्यानं प्रश्न विचारायचे नसतात."

मेमे आतून म्हणाली, "अहो, मुलगा सही करून आणखी वर जाईल, आणि तुम्ही गाल की नाक करत बसा!"

कोंबडी ओसरीवर चढली, तिला कोणी हाकललं नाही. मग बापा म्हणाले, "लुह, कोरणी आण. आणि काजळी."

मी म्हटलं, बापा, तुम्हाला... ते म्हणाले, "कागदावर शाई चाचपता येत नाही. ताडपत्रावर कोरलेलं बोटाला लागतं. आण."

आणून दिलं. मग मला बाहेर घालवलं. मी खिडकीतून बघणार होते, पण मेमेनं कान धरला. आतून बराच वेळ कोरणीचा आवाज येत होता, मग थांबायचा, मग पुन्हा. एवढ्या वेळात मला वाटलं निदान एक कडवं तरी झालं असेल. बापा बाहेर आले तेव्हा बोटं काळी, कपाळावर काजळी. पट्टीचं पाकीट त्यांनी स्वतः चिकटवलं. आत काय आहे ते मला माहीत नाही, हे पत्र त्याला गुंडाळून मोठ्या पाकिटात घालतेय. काळा डाग पडला असेल तर तो त्याचा.

उत्सव सप्टेंबरच्या पौर्णिमेला आहे. मंडळीनं दुसरी जोडी ठरवली होती. बापांनी काल देवळात उभं राहून सांगितलं, "पौर्णिमेपर्यंत थांबा. त्यानंतर जागा तुमची." पेकाक तुनास लगेच म्हणाले, "माझा घसा पौर्णिमेला बिघडतोच."

लुह


वरचा कॅम्प
४ सप्टेंबर १९८३

बापा,

हे पत्र माझ्या आधी पोचेल की मी त्याच्या आधी, सांगता येत नाही. एकाच बोटीत आहोत दोघं.

पाकीट काल मिळालं. ताडपत्राची पट्टी दाएंगच्या कट्ट्यावर ठेवली. अक्षर वाकडं आहे, शेवटी कोरणी घसरलीय आणि पट्टीला चीर गेलीय. देवळाच्या पोथीत असं पान तुम्ही चुलीत घातलं असतंत.

दाएंगनं हात पुसले, पट्टी उचलली, हुंगली. आपली लिपी त्याला येत नाही. म्हणाला, "एवढंच? काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "ये."

"हे कुठल्या काव्यातलं?"

"कुठल्याच नाही. आमच्या पोथीत हा शब्दच नाही."

"मग गाऊन दाखव. तुमच्याकडे गाऊनच वाचतात ना?"

बापा, मी आयुष्यभर चढ्या स्वरातली कडवी गायली, श्वास कधी कमी पडला नाही. एवढासा शब्द, पण मला गाता येईना. दाएंगनं माझ्याकडे बघितलं नाही. वळून भात ढवळत बसला. त्या दिवशी पहिल्यांदाच भात करपला नाही.

माझं आसन झटकून ठेवा. पोथीची दोरी मी आल्यावर सोडेन. दोन ओळी गायल्या की थांबणार आहे, बाकीचं दुसऱ्या दिवशी. आणि राख नाकाला लावणार आहे, गालाला नाही. हवं तर सगळ्या गावासमोर माझ्याशी वाद घाला.

मेमेला सांगा, भात निवला तरी चालेल.

रेंदा